आई-बाबांना परदेशी न्यायचंय? पगाराआधी तारीख बघा

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा नेरुळ-वाशीच्या सोसायटीत राहणाऱ्या आई-बाबांची मुलं परदेशात स्थिरावली, की पहिला प्रश्न पैशांचा निघतो: "आम्हाला तिकडे न्यायला तुला किती पगार दाखवावा लागेल?" प्रश्न रास्त आहे, पण घोडं सहसा तिथे अडत नाही. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर उत्पन्नाची अट बहुतेक वेळा सुटते. अडतं ते रांगेत. उत्पन्न मुलाचं तपासलं जातं, वाट बघण्यात वय आई-बाबांचं जातं, आणि वैद्यकीय तपासणी बहुतेक ठिकाणी रांगेच्या शेवटी होते. अर्ज भरताना बासष्ट वर्षांचे धडधाकट असलेले बाबा तपासणीच्या वेळी पंचाहत्तरीचे असू शकतात. म्हणून पगाराचं गणित मांडण्याआधी आपल्या देशाची रांग कशी चालते ते समजून घ्या.

खाली दिलेले आकडे २०२५ मधले आहेत. शुल्क आणि उत्पन्नाच्या मर्यादा दरवर्षी हलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्या.

अमेरिका: रांग नाही, पण रांगेआधी रांग आहे

आई-वडिलांना स्पॉन्सर करता येतं ते फक्त अमेरिकी नागरिकाला, आणि त्याचं वय किमान २१ हवं. ग्रीन कार्डवर असलेला मुलगा बायको-मुलांसाठी अर्ज करू शकतो, आई-बाबांसाठी नाही. इथेच बऱ्याच घरांचा गैरसमज होतो: "त्याला ग्रीन कार्ड मिळालं, आता आपलं काम झालं." नाही झालं.

नागरिकाच्या आई-वडिलांच्या गटाला वार्षिक कोटा नाही. त्यामुळे आय-१३० हा नातं सिद्ध करणारा अर्ज मंजूर व्हायला साधारण एक ते दीड वर्ष, मग नॅशनल व्हिसा सेंटरकडे फी आणि कागदपत्रं, मग बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत, असं करत दोनेक वर्षांत काम मार्गी लागू शकतं. ऐकायला बरं वाटतं. पण मुलगा नागरिक कधी होणार? एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या भारतीयाला नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळण्याची जी रांग आहे, त्यातल्या ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटाची तारीख २०२५ च्या अखेरीसही २०१३ च्या पहिल्या काही महिन्यांतच घुटमळत होती. म्हणजे २०१३ ला जे रांगेत उभे राहिले त्यांना तेव्हा कुठे कार्ड हाती येत होतं. त्यानंतर नागरिकत्वासाठी साधारणपणे आणखी पाच वर्षं. आई-बाबांची खरी प्रतीक्षा ही आहे, पण ती कुठल्याच अर्जावर लिहिलेली नसते. मुलाने अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं असेल तर हा हिशोब बराच आखडतो.

अर्ज प्रत्येक पालकाचा वेगळा. बाबांच्या अर्जात आई "सोबत" जात नाही. दोघांचे दोन आय-१३० भरायचे. तसंच धाकटी अविवाहित बहीण ठाण्यात आई-बाबांजवळ राहत असेल तर तीही त्यांच्या अर्जात येत नाही. आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळाल्यावर ते तिच्यासाठी वेगळा अर्ज करू शकतात, पण त्या गटाला कोटा आहे आणि रांग अनेक वर्षांची आहे.

आता पैसे. आय-१३० ला ऑनलाइन ६२५ डॉलर (कागदावर ६७५), व्हिसा अर्जाला ३२५, आर्थिक हमीपत्राच्या तपासणीला १२०, आणि कार्ड छापून येण्याआधी इमिग्रंट फी २३५. एका पालकामागे साधारण १,३०० डॉलर, शिवाय मेडिकल वेगळी.

हमीपत्र म्हणजे आय-८६४. स्पॉन्सरचं उत्पन्न त्याच्या कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. कुटुंब मोजताना लोक चुकतात. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि येणारे आई-बाबा, असे सहा. पूर्वी कुणासाठी (समजा, सासू-सासऱ्यांसाठी) असंच हमीपत्र दिलं असेल आणि ते अजून लागू असेल, तर तेही मोजायचे. सहा जणांसाठी २०२५ ची मर्यादा ५३,९३७ डॉलर होती, चौघांसाठी ४०,१८७.

उत्पन्न कमी पडलं तर तीन वाटा आहेत. एक, सुनेचं किंवा त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकाचं उत्पन्न आय-८६४ए या जोड-फॉर्मवर जोडायचं. दोन, दुसरा कुणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जॉइंट स्पॉन्सर म्हणून उभा करायचा; त्याने मात्र आपली मर्यादा स्वतःच्या बळावर पूर्ण करायला हवी, दोघांचे पगार एकत्र करून चालत नाही. तीन, मालमत्ता दाखवायची. आई-वडिलांच्या बाबतीत जेवढी तूट, तिच्या पाचपट मालमत्ता लागते. पगार ४५,००० असेल तर तूट ८,९३७ आणि मालमत्ता हवी सुमारे ४४,७०० डॉलरची. ही मालमत्ता खुद्द आई-बाबांचीही चालते, म्हणजे त्यांची एफडी किंवा ठाण्यातला फ्लॅट. पण ती वर्षभरात रोख करता यायला हवी आणि पैसा देशाबाहेर नेता यायला हवा. फ्लॅटसाठी मूल्यांकनाचा दाखला, कर्ज शिल्लक असेल तर ते वजा करून, आणि मालकी नावावर असल्याचा पुरावा. भावाभावांच्या सामायिक घराचा यात सहसा उपयोग होत नाही.

सही करण्याआधी एक गोष्ट मुलाने नीट वाचावी. हे हमीपत्र म्हणजे सरकारशी केलेला करार आहे. नोकरी गेली, घरात बिनसलं, तरी तो सुटत नाही. आई-बाबा नागरिक झाले, त्यांच्या खात्यात कामाच्या ४० तिमाही (म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम) जमा झाल्या, ते कार्ड सोडून कायमचे परत आले, किंवा त्यांचा अथवा हमी देणाऱ्या मुलाचा मृत्यू झाला, तरच तो संपतो.

आणखी एक खाचखळगा: स्पॉन्सरचं वास्तव्य अमेरिकेत हवं. पासपोर्ट अमेरिकी, पण माणूस कुटुंबासह पुण्यात किंवा बंगळुरात परत आलेला, अशांची फाइल इथे अडकते. तिकडे परतण्याची ठोस तयारी, म्हणजे नोकरीचं पत्र, घराचा करार, मुलांच्या शाळेचा प्रवेश, दाखवावी लागते.

"आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, मग तिथूनच कार्डाचा अर्ज करू" हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. राहण्याचा बेत मनात ठेवून पर्यटक म्हणून शिरणं ही खोटी माहिती ठरते, आणि पहिल्या ९० दिवसांत अर्ज झाला तर संशय जास्तच. हा शॉर्टकट घेऊ नये, असंच आमचं मत आहे.

कॅनडा: पैसे तीन वर्षांचे, नंबर नशिबाचा

इथे पर्मनंट रेसिडेंट (पीआर, म्हणजे कायम रहिवासी) असलेला मुलगाही स्पॉन्सर करू शकतो. अमेरिकेपेक्षा हे सोपं वाटतं, पण निदान २०२५ पर्यंत दार लॉटरीचं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने इच्छुकांची नावं घेतली आणि त्यानंतर २०२५ पर्यंत दरवर्षी त्याच यादीतून निमंत्रणं काढली. २०२५ मध्ये १७,८६० निमंत्रणं गेली आणि १०,००० अर्ज स्वीकारायचे ठरले. २०२१ मध्ये पीआर झालेल्या मुलाचं नाव या यादीत असणंच शक्य नव्हतं, मग पगार कितीही असो.

ज्यांना निमंत्रण आलं त्यांना मागच्या तीन करवर्षांचं उत्पन्न दाखवावं लागलं. सहा जणांच्या कुटुंबाला २०२२ साठी ८२,२५९, २०२३ साठी ८५,०२० आणि २०२४ साठी ९०,७८४ कॅनेडियन डॉलर. तिन्ही वर्षं वेगवेगळी पार करावी लागतात, सरासरी चालत नाही. त्यामुळे मधल्याच वर्षी नोकरी बदलताना चार महिने घरी बसलेला माणूस बाद होऊ शकतो. बाळंतपणाच्या रजेत मिळालेला सरकारी भत्ता उत्पन्नात धरला जातो, पण बेरोजगारीचा नेहमीचा भत्ता धरत नाहीत. उत्पन्न जोडायचं तर फक्त जोडीदाराचं. भावाचं किंवा मित्राचं नाही. हमी क्वेबेकबाहेर २० वर्षांची, क्वेबेकमध्ये १० वर्षांची.

वैद्यकीय बाबतीतही कॅनडा काटेकोर आहे. आई-वडिलांच्या उपचाराचा अंदाजे खर्च वर्षाला साधारण २७ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर जाणार असं डॉक्टरांना वाटलं, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी सहसा काही बिघडत नाही. डायलिसिस सुरू असेल तर कठीण.

म्हणून बहुतेक घरांसाठी खरा मार्ग सुपर व्हिसाचा. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळू शकतो. लॉटरी नाही. उत्पन्नाची मर्यादाही खालची, कारण पीआरसाठी मूळ मर्यादेवर जी ३० टक्क्यांची भर धरतात ती इथे नाही. अर्ज कॅनडाबाहेरून करायचा, नेमलेल्या डॉक्टरांकडून मेडिकल करायची, आणि किमान एक वर्षाचा, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा घ्यायचा. विम्याचं नुसतं कोटेशन चालत नाही. पैसे भरल्याची किंवा हप्त्याची अनामत दिल्याची पावती लागते.

या विम्यातच पाणी मुरतं. जुना आजार "स्थिर" असेल तरच तो पॉलिसीत धरला जातो, आणि स्थिर म्हणजे काय ते पॉलिसीच्या बारीक अक्षरात असतं: सहसा निघण्याआधीचे तीन किंवा सहा महिने औषध, डोस, तपासण्या यांत काही बदल नको. लोक नेमकं उलट करतात. "जाण्याआधी एकदा सगळं चेकअप करून घेऊ" म्हणून महिनाभर आधी डॉक्टरकडे जातात, डॉक्टर बीपीची गोळी पाचची दहा करतात, आणि तिकडे छातीत दुखलं तर कंपनी त्याच बदलाकडे बोट दाखवून दावा नाकारते. चेकअप जरूर करा, पण सहा-आठ महिने आधी करा, आणि त्यानंतर काही बदललंच तर पॉलिसी सुरू होण्याआधी कंपनीला लेखी कळवा.

ऑस्ट्रेलिया: भावंडांची मोजणी

इथे पगाराआधी भावंडं मोजतात. आई-वडिलांच्या एकूण मुलांपैकी किमान निम्मी ऑस्ट्रेलियात कायमची राहत असावीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा ऑस्ट्रेलियात जास्त असावीत. एक मेलबर्नला, एक ठाण्यात: निम्मी झाली, पास. एक सिडनीला, एक न्यू जर्सीला, एक ऐरोलीत: निम्मी नाहीत आणि सगळीकडे बरोबरी, म्हणून नापास. सावत्र मुलंही साधारणपणे मोजली जातात. ही परीक्षा नापास झाली तर कितीही पैसा असून उपयोग नाही.

पास झालात तर दोन रांगा आहेत. साध्या पॅरेंट व्हिसाची प्रतीक्षा खुद्द सरकारच तीस वर्षांहून जास्त सांगतं. साठीतल्या माणसाला असा अर्ज भरायला लावणं ही थट्टाच आहे, तरी लोक भरतात. दुसरी रांग कॉन्ट्रिब्युटरी पॅरेंटची, व्हिसा क्रमांक १४३. यात माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दुसरा हप्ता भरावा लागतो. दोघांचे मिळून रुपयांत पन्नास लाखांच्या आसपास जातात. एवढे देऊनही प्रतीक्षा बारा वर्षांहून जास्त आहे. हा मोठा हप्ता सुरुवातीला नाही, शेवटी मागतात, त्यामुळे पैसे अडकत नाहीत. त्याच सुमारास दहा वर्षांची आर्थिक हमी आणि तिच्यासाठी बँकेत अनामतही ठेवावी लागते. अर्जाची तारीख हीच रांगेतली जागा असल्यामुळे, जायचं नक्की असेल तर "थोडं सेटल होऊ, मग बघू" करत दोन वर्षं घालवू नयेत.

तोवर काय? ८७० क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा. तीन किंवा पाच वर्षांचा, एकूण जास्तीत जास्त दहा वर्षं. भावंडांची परीक्षा यात नाही. आधी मुलाची स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची (करपात्र उत्पन्न ८३,४५४ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर हवं, त्यात जोडीदाराचं धरता येतं), मग आई-बाबांचा अर्ज. शुल्क माणशी तीन वर्षांना सुमारे सहा हजार, पाच वर्षांना सुमारे बारा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. यावर नोकरी करता येत नाही आणि मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवाही नाही, खासगी विमा घ्यावाच लागतो.

ब्रिटनबद्दल थोडक्यात सांगायचं तर दार जवळजवळ बंद आहे. जुलै २०१२ पासून अट अशी की पालकाला अंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत भारतात पैसे देऊनही मिळू शकत नाही, हे सिद्ध करायचं. ठाण्यात अटेंडंट पुरवणाऱ्या एजन्सी गल्लीगल्लीत असताना हे पटवणं फार अवघड जातं. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आई-वडिलांसाठी पाच वर्षांचा पॅरेंट बूस्ट व्हिजिटर व्हिसा सुरू केला आहे; तो कायमचा नाही, पण वर्षानुवर्षं थांबावंही लागत नाही.

कागद कुठे अडतात

सगळ्यात महत्त्वाचा कागद आई-बाबांचा नाही, मुलाचा जन्मदाखला आहे, कारण नातं त्यावरूनच सिद्ध होतं. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे असते. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत. त्यामुळे नौपाड्यात वाढलेल्या मुलाचा दाखला ठाणे महापालिकेत सापडत नाही, तो कऱ्हाडच्या किंवा मालवणच्या नगरपालिकेत असतो. नवी मुंबई महापालिका तर १९९२ ची. त्याआधी तिथल्या गावांत झालेल्या जन्मांच्या नोंदी महापालिकेच्या काळातल्या नव्हेत, हे शोधताना लक्षात ठेवा.

दाखला हातात आला की चार जागा बघा. बाळाचं नाव: जुन्या दाखल्यात हा रकाना हमखास कोरा असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. आईचं नाव: माहेरी नोंद झाली की नर्सने माहेरचं नाव लिहिलेलं असतं, शिवाय लग्नात नाव बदललेलं. दाखल्यात सुमन, पासपोर्टवर स्नेहल, असं दिसलं की अधिकारी विचारतो या दोन बायका कोण. वडिलांचं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग: एका जागी एक अक्षर जास्त, दुसरीकडे कमी. आणि शेवटचं, नोंदणीचा दिनांक. दाखला दिल्याचा दिनांक कालचा असला तरी हरकत नाही, पण नोंदणीच जन्मानंतर वर्षाने किंवा त्याहून उशिरा झाली असेल तर अमेरिका शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावरची जुनी नोंद असा जादा पुरावा मागते.

या दुरुस्त्या मूळ नोंद असलेल्या कार्यालयातच होतात, आणि वेळखाऊ असतात. आय-१३० भरायच्या वर्षभर आधी सुरुवात केली तर धावपळ होत नाही. नावातल्या फरकासाठी राजपत्रातली जुनी सूचना असेल तर उत्तम, नाहीतर प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं असलेले जुने कागद.

वडिलांसाठीच्या अमेरिकी अर्जात आई-वडिलांचा विवाह दाखलाही लागतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लग्नांची नोंद बहुतेकांनी केलेलीच नसते. ती आजही करता येते: दोघांपैकी एकजण राहतो त्या हद्दीच्या विवाह निबंधकाकडे, म्हणजे सहसा महापालिकेच्या प्रभाग किंवा विभाग कार्यालयात, 'नमुना ड' भरून, तीन साक्षीदारांसह. पत्रिका आणि लग्नातला एखादा फोटो जवळ ठेवा. भटजी हयात नसतील तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र चालतं का, हे आधी कार्यालयात विचारून जा. खारघर, कामोठे, कळंबोलीकरांनी लक्षात ठेवावं की त्यांची महापालिका पनवेल आहे, नवी मुंबई महापालिकेच्या बेलापूरच्या मुख्यालयात चक्कर फुकट जाईल.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतो, फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर आधी तो बदला, नाहीतर पोलिस पडताळणीत अडकेल. बाबा पूर्वी मस्कत किंवा दुबईला वर्षभराहून जास्त नोकरीला असतील तर त्या देशाचाही दाखला मागतात, आणि त्याला स्थानिक दाखल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

निघण्याआधी घर आणि खाती

कायमचं निघाल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करावं लागतं. फ्लॅट विकायचाच असेल तर निवासी असताना विकावा, असं आम्ही सुचवतो. निवासी असताना ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, आणि जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्के की तो न लावता १२.५ टक्के, यातला कमी कर निवडता येतो. अनिवासी झाल्यावर ही निवड जाते आणि टीडीएस खूप मोठा कापला जातो. कमी कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढावं लागतं. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असल्यामुळे हस्तांतराची परवानगी आणि शुल्क हा वेगळा वेळ धरा.

अमेरिकेचं ग्रीन कार्ड घेतलं की ठाण्यातल्या एफडीचं व्याज, पेन्शन, घरभाडं सगळं तिथल्या कर विवरणपत्रात दाखवावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा अहवालही द्यावा लागतो. तो चुकवल्याचा दंड जबर आहे. पासष्टी ओलांडलेल्यांनाही सलग पाच वर्षं कायम रहिवासी म्हणून राहिल्याशिवाय मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्य विमा विकतसुद्धा घेता येत नाही, तोवर खासगी विम्याचा हप्ता मुलाच्या खिशातून.

आणि "सहा महिने इथे, सहा महिने तिथे" हा बेत कार्डावर फार काळ निभत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्षभर बाहेर राहिलात तर कार्ड धोक्यात येतं. गुडघ्याचं ऑपरेशन ठाण्यात करून वर्षभर इथेच थांबायचं असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करावा. तो साधारण दोन वर्षांपर्यंत चालतो.